जुम्म्याची रेघ

मुरुम
सोमवार, ६ जानेवारी २०२५

झरीन,

सलाम. मी अजून रागात आहे, हे आधी वाचून घे. माझ्या इरशादची आणि तुझ्या हुमेराची मंगनी तू मोडलीस ती मोडलीस, पण कपडे बसप्पाच्या टमटममध्ये टाकून परत पाठवलेस. सोबत माणूस नाही, चिठ्ठी नाही. तो बिचारा आमचा शेजारी, दारात गठुडं घेऊन उभा राहिला आणि म्हणला, "अक्का, ह्ये सास्तूरहून दिलंय, आत काय हाय मला ठाव न्हाय." सगळी गल्ली बघत होती. वर माझा नंबरही बंद करून टाकलास, सख्ख्या थोरल्या बहिणीचा, आपाचा. म्हणून पोस्टानं लिहिते. पत्ता काय तुला बंद करता येत नाही.

तुला बोलवायला लिहीत नाही. येऊ नकोस. हुमेरा लातूरला नर्स आहे, तिला एक विचारायचं आहे, तेवढ्यापुरतं हे पत्र.

तुझ्या दुल्हाभाईंना, इरशादच्या अब्बांना, लकवा मारला. कुणाकडून कळलं असेलच, मुरुमची बातमी सास्तूरला पोचायला काय लागतं. डिसेंबरात, भर दुपारी. दुकानात गादीला टाके घालत बसले होते. दाभण हातातून पडला. मी म्हणलं, उचला की. ते दाभणाकडं बघत बसले, तो कुणाचा आहे असं. मग माझ्याकडं वळले तर तोंड एका अंगाला गेलेलं. झरीन, मला तिथं अम्मी दिसली, तुझ्या अंगणात पडलेली. बसप्पा रस्त्यातनं चालला होता, त्यानंच बघितलं आणि टमटम दाराला लावली. उमरग्याहून सोलापूरला नेलं.

आता घरी आणलंय. उजवा हात जड आहे, पाय ओढतात. बोलणं अर्धं राहिलं. "हौ" आणि "नक्को" एवढं नीट येतं, पण कुठं कुठलं लावायचं ते त्यांच्या हातात राहिलेलं नाही. नक्को म्हणतात आणि पाण्याचा पेला माझ्या हातातून ओढून घेतात. परवा मला हसू आलं, तेही हसले, मग रडले.

हुमेराला विचारायचं ते असं. डॉक्टरीणबाई म्हणतात, डोक्याच्या नसेत रक्ताची गाठ अडकली, पण ती आली कुठून ते कळत नाही. बीपी ठीक, साखर ठीक, मानेच्या नसा साफ. आता त्यांचा संशय हृदयावर आहे. म्हणतात, काहींचं हृदय मधूनच ठेका सोडतं, परत आपोआप ठेक्यावर येतं, माणसाला पत्ता लागत नाही. इसीजी काढला त्या घटकेला सरळ आला. म्हणून आठवडाभर छातीला मशीन लावून ठेवायचं. हृदयाचा आणि डोक्याचा काय संबंध, हे तिला विचार. मशीननं करंट बसतो का, तेही.

कारण सापडलं नाही तर परत येऊ शकतो, असं त्या म्हणल्या. लकवा. त्या सहज बोलून पुढच्या पेशंटकडं गेल्या, मी तिथंच खुर्चीवर बसून राहिले. आता हे दुपारी आडवे झाले आणि डोळा लागला की मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसते. ओठ हलला तरी उठवते. ते चिडतात.

मी बरी आहे. गाद्या उचलून दम लागतो, मधूनच छातीत पाखरू शिरल्यासारखं फडफडतं, पण ती कापसाची धूळ. इतकी वर्षं पिंजणीच्या मशीनजवळ बसल्यावर आणखी काय होणार. अम्मीच्या छातीत भूकंपाची धास्ती होती, माझ्या छातीत कापूस आहे.

उत्तर हुमेरानं लिहिलं तरी चालेल.

बिस्मिल्ला


मुरुम
शनिवार, ११ जानेवारी

झरीन,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी काल पोस्टमन शिवशरण गल्लीत दिसला तेव्हा मी दारात गेले.

मशीन लागलं. करंट बसत नाही, हुमेराला आता ते विचारू नकोस. छातीवर चिकटपट्ट्या, त्यांना तारा, आणि तारांच्या टोकाला काड्यापेटीएवढी डबी. डबीवर एक बारका दिवा. मशीन लावणारा पोरगा महांतेश म्हणून आहे, आळंद बाजूचा, गोड बोलतो. म्हणला, "मावशी, दिवा हिरवा असला की मशीन लिहितंय. तांबडा झाला की लिहिणं बंद. बंद पडू देऊ नका बरं का, मशीन एकच आहे, मागं लई लोक थांबलेत." आमचाच नंबर यायला किती फेऱ्या झाल्या. तेव्हापासून माझा जीव त्या दिव्यात अडकलाय. स्वयंपाक करता करता मधेच जाऊन त्यांचा सदरा वर करून बघते. ते "नक्को, नक्को" करतात. त्या वेळी मात्र नक्कोच म्हणायचं असतं.

एक गोष्ट झाली. काल जुम्मा होता. आजारपणात त्यांचे सगळे जुम्मे बुडाले. तुला माहीत आहे हे कसे आहेत. दुकानावर गिऱ्हाईक सोडतील, जुम्मा नाही. सकाळपासून टोपी मांडीवर घेऊन बसले. मग मशीनकडं बोट दाखवून, पाण्याच्या बादलीकडं बोट दाखवून मला सांगायला लागले. मला कळलं. पट्ट्यांखाली पाणी जात नाही, मग आंघोळ पुरी कशी होणार आणि मशिदीत पाय कसा ठेवणार. मी म्हणलं, आजारी माणसाला माफ असतं. म्हणले, नक्को. डोळ्यांत पाणी. लहान लेकरासारखं तोंड केलं, आणि तोंड आधीच वाकडं. माझ्यानं बघवेना.

तर ते आंघोळ करून बसप्पाच्या टमटममधनं जुम्म्याला जाऊन आले. लोकांनी हात धरून पहिल्या रांगेच्या कडेला खुर्चीवर बसवलं म्हणे. येताना त्यांचा चेहरा असा होता की विचारू नकोस. आजारपणानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

मशीनचं मी बघितलं. दिवा फार वेळ तांबडा राहू दिला नाही. कसा, ते लिहीत नाही. तू हसशील आणि हुमेराला सांगशील.

मंगळवारी मशीन परत द्यायचं. दुआ कर. रागात असलीस तरी दुल्हाभाईंसाठी करायला काय हरकत आहे. त्यांनी तुझं काय वाईट केलं?

बिस्मिल्ला


मुरुम
सोमवार, २० जानेवारी

झरीन,

रिपोर्ट आला. सापडलं.

डॉक्टरीणबाई खूश होत्या. म्हणल्या, नशीब चांगलं, पुष्कळांचं आठवडाभर लावूनही सापडत नाही. महांतेशनं कागदाची लांब पट्टी उलगडून दाखवली. सगळा आठवडा रेघ एकसारखी, आपण गादीला टाके घालतो तशी, अंतर ठरल्याप्रमाणं. आणि एका जागी सगळं विस्कटलेलं. एक टाका जवळ, एक लांब, मधेच तीन-चार एकावर एक. "हे बघा मावशी, जुम्म्याच्या दिवशी दुपारी. काय करत होते तेव्हा?"

मी म्हणलं, नमाजला गेले होते.

हे खरं आहे. मी खोटं बोलले नाही.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळायच्या ऐवजी नुसता थरथरतो. मग रक्त आत रेंगाळतं, त्याची गाठ होते, आणि ठेका परत बसला की ती गाठ सुटून वर डोक्यात जाते. आता लकव्यानंतर चालू केलेली साधी गोळी बंद. नवी दिली आहे, रक्त पातळ करायची मोठी. ही चुकवायची नाही. पण जपायचं, पडायचं नाही, कुठं लागू द्यायचं नाही, रक्त लवकर थांबत नाही. ज्याला हा आजार आहे त्याला ही गोळी वाचवते. ज्याला नाही, त्याला उगाच धोका. हे त्या महांतेशला सांगत होत्या, नवीन आहे म्हणून. मी ऐकत होते.

दुल्हाभाईंना तू बघायला हवं होतंस. परतीच्या वाटेवर बसप्पाच्या खांद्यावर हात मारून "हौ, हौ" करत होते. कारण सापडलं, आता परत येणार नाही, असं त्यांनी धरून टाकलंय. संध्याकाळी गल्लीतल्या लोकांना बोलावून छातीवर बोट ठेवून दाखवत होते, इथं होतं म्हणून. इरशादला पुण्याला फोन लावून दिला. तो रडला. म्हणला, अम्मी, आता तू पण जरा झोप.

मी हो म्हणलं.

झरीन, अम्मीला छातीत व्हायचं तेव्हा नक्की कसं व्हायचं? तू शेवटपर्यंत तिच्याजवळ होतीस. मला एवढंच आठवतं, भाकरी थापता थापता ती थांबायची, पिठाचा हात छातीला लावायची आणि साखरेचं पाणी मागायची. थोड्या वेळानं उठून परत थापायची. आपण म्हणायचो, भूकंप झाला तिला. हुमेराला नको विचारूस, मला तुझ्याकडूनच ऐकायचं आहे.

लवकर लिही. मी हात जोडते.

बिस्मिल्ला


मुरुम
शनिवार, २५ जानेवारी

झरीन,

आता तू हसलीस तरी चालेल. सांगते.

त्या जुम्म्याला मशीन त्यांच्या छातीवर नव्हतं. त्यांनी काढलं, मीच पट्ट्या सोडवल्या. ते न्हाणीत गेले, आणि डबी माझ्या हातात तांबडी झाली. मला महांतेशचं बोलणं आठवलं. बंद पडलं की आठवडा वाया, परत नंबर, परत सोलापूर, आणि तोवर त्यांना दुसरा झटका आला तर? मी घाबरले. माझ्या अडाणी डोक्यात एकच आलं, मशीनला माणसाचं अंग लागतं, कुणाचं ते त्याला काय कळतंय. ते टमटममध्ये बसून गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि पट्ट्या माझ्या छातीवर चिकटवल्या. दिवा हिरवा झाला. इतकं बरं वाटलं मला. ते येईपर्यंत पदराखाली डबी धरून गादीला टाके घालत बसले. ते आले, परत त्यांना लावलं. त्यांना वाटतं डबी फळीवर ठेवली होती.

ती विस्कटलेली रेघ माझी आहे.

त्या दुपारी मला फडफडत होतं, मला आठवतंय. दाभण खाली ठेवून भिंतीला टेकले होते. धूळ म्हणलं आणि पाणी प्यायले.

महांतेशनं जुम्मा म्हणलं तेव्हाच मला कळलं होतं. तेव्हाच का बोलले नाही? डॉक्टरीणबाई ओरडतील. नमाजसाठी मशीन काढलं हे कळलं तर म्हणतील, ह्या लोकांचं असंच. आणि ह्यांचा तो चेहरा. मला वाटलं, घरी जाऊन विचार करू. विचार करता करता मी त्यांना ती गोळी द्यायला लागले.

काल काय झालं ऐक. ते डाव्या हातानं दाढी करायला शिकलेत, मला करू देत नाहीत. हनुवटीला ब्लेड लागलं. एवढंसं. एरवी तुरटी फिरवली की झालं. पण रक्त थांबेना. आमच्या घरात कापसाला काय तोटा, मी मूठभर दाबला तर लाल झाला, फेकला, दुसरा दाबला, तोही. ते आरशात बघत होते आणि मी कापूस पिंजून पिंजून लावत होते. माझे हात त्यांच्या रक्तानं भरले, झरीन. शेवटी थांबलं. एवढ्या जखमेला एवढं, आणि हा पाय ओढणारा माणूस उद्या न्हाणीत घसरून डोक्यावर पडला तर?

आज सकाळी मी त्यांना ती गोळी दिली नाही. जुनी दिली. तेव्हापासून दुसरी भीती. त्यांनाही तोच आजार असला तर? माझ्यात आहे म्हणून त्यांच्यात नाही असं कुणी सांगितलं? दिली तर रक्त, नाही दिली तर गाठ. मी दुकानात बसून त्यांच्याकडं बघते आणि मला कळत नाही मी त्यांना कुठल्या बाजूनं मारते आहे.

नवी गोळी हातात घेऊन बसले होते. माझीच तर आहे म्हणलं. खाल्ली नाही. भ्याले.

आणि मी पडले तर? त्यांना पाणी कोण पाजणार? त्यांचं नक्को म्हणजे हौ, हे कुणाला कळणार?

इरशादला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. बघ, मंगनी मोडणारी तू, आणि सांगायला तूच उरलीस.

आपा


सोलापूर
शुक्रवार, ३१ जानेवारी

झरीन,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते. कागद महांतेशनं दिला.

मी सांगून टाकलं. मधले दिवस कसे काढले ते मलाच माहीत. काल ह्यांना चालताना ठेच लागली, तेव्हा बसप्पाला म्हणलं, उद्या सोलापूर.

हे शेजारी बसलेले. मी आधी त्यांना घरी सांगणार होते, जमलं नाही. डॉक्टरीणबाईंसमोरच बोलले. सगळं, बादलीपासून. बोलताना मी टेबलावरच्या काचेकडंच बघत होते.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी ह्यांचा कागद पुढं ओढला. मग म्हणल्या, "गोळी किती दिवस दिली?" मी सांगितलं. "पडलेत का, डोकं दुखतं का, शौचाला काळं होतं का?" नाही म्हणलं. तेव्हा त्यांनी श्वास सोडला. म्हणल्या, "बाई, तुम्ही मशीनला फसवायला गेलात आणि दोघांचा जीव टांगलात. मला सांगायचं होतं, आंघोळीपुरतं काढायची सोय करता येते." महांतेश दारात उभा होता, त्याचं तोंड उतरलेलं. म्हणला, त्या जागी रेघेची उंची वेगळी दिसली होती, पट्टी सरकली असेल म्हणून मी सोडून दिली. त्यालाही बोलणी बसली. मला त्याचं वाईट वाटलं.

मग मला आडवं केलं आणि इसीजी काढला. मी म्हणलं, आता बघू नका, आता मी भ्यालेली आहे, आता काय सरळ येणार? डॉक्टरीणबाई कागदाकडं बघतच म्हणल्या, "भीतीनं नाडी जोरात पळते. पण ठेक्यात पळते. ही ठेक्यात नाही."

झरीन, मी ते ऐकलं आणि छताकडं बघत पडून राहिले. मला एकदम आपलं अंगण दिसलं. तू, मी, अम्मी, आणि पत्र्याच्या शेडमध्ये सगळं गाव, त्या भूकंपाच्या वर्षी. सगळ्यांच्याच छातीत धडधडत होतं तेव्हा. जमीन हलून गेली, लोक गेले, कोण कुणाची नाडी बघणार. पुढं नवीन घरं झाली, पोरं झाली, तरी अम्मीची धडधड थांबली नाही, आणि आपण प्रत्येक वेळी म्हणलो, भूकंपाची धास्ती आहे, साखरेचं पाणी द्या.

मी उठून बसले तर हे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं रागावणार. त्यांचा जुम्मा, त्यांचं आजारपण, गल्लीभर सांगितलेलं सगळं खोटं पडलं. ते शब्द शोधत होते. "नक्को," म्हणले. परत म्हणले, "नक्को." आणि डाव्या हातानं माझं मनगट धरलं ते सोडेनात. महांतेशला त्यांच्या छातीवर पट्ट्या लावायच्या होत्या, त्याला तसंच लावावं लागलं. काय नक्को, ते मी विचारलं नाही.

मशीन परत त्यांना लागलं. नंबर मधे घुसवला, डॉक्टरीणबाईंचे उपकार. मोठी गोळी आता माझ्या नावावर. त्यांना जुनीच. बसप्पा गाडी काढतोय, बाकी नंतर लिहिते.

आपा


मुरुम
बुधवार, १२ फेब्रुवारी

झरीन,

त्यांचा रिपोर्ट आला. काही नाही. सगळा आठवडा टाके सारखे.

मी म्हणलं अल्लाहचं शुकर. डॉक्टरीणबाई म्हणल्या, शुकर करा, पण सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं. काही महिन्यांनी परत लावू. म्हणजे ह्यांच्या लकव्याचं कारण अजून कुठंतरी दडून बसलंय आणि मी त्यांच्या ओठांकडं बघायची थांबले नाही. ह्या वेळच्या जुम्म्याला ते मशीन लावूनच गेले. मौलानांना बसप्पानं आधीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणले, इलाजाच्या पट्टीवरून ओला हात फिरवला तरी पुरे होतं, एवढं विचारायला यायचं की. एवढं विचारायला मी गेले नाही, बघ.

माझी गोळी हे देतात. दोन वेळा, डाव्या हातावर घेऊन समोर उभे राहतात, गिळेपर्यंत हलत नाहीत. रमजान जवळ आलाय, तेव्हा एक सहेरीला आणि एक इफ्तारला घ्यायची की रोजे सोडायचे, ते डॉक्टरीणबाई ठरवणार आहेत. मी माझ्या डोक्यानं काही ठरवायचं नाही, असं घरात ठरलंय. इरशाद सुट्टी काढून आलाय. दाभण माझ्या हातातून काढून घेतला त्यानं, लागेल म्हणून. गाद्यांचे टाके तोच घालतो, वाकडे घालतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी अम्मीचं सांगितलं. धडधड, साखरेचं पाणी, अंगणात पडली, तोंड वाकडं झालं, संपली. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणल्या, "बहीण-भाऊ?"

मी म्हणलं, एक बहीण आहे. धाकटी.

तू भूकंपात सास्तूरलाच होतीस. मी तेव्हा लग्न होऊन इकडं आलेली, मागनं शेडमध्ये भेटायला आले. तुला दोन वर्षं कुणी हसताना बघितलं नव्हतं असं अम्मी सांगायची. पुढं तुला पण व्हायचं, मला आठवतंय. इरशादच्या अकिक्याला, त्याच्या जावळाच्या जेवणाला, माझ्या घरी वाढता वाढता तू भांडं खाली ठेवलंस आणि खांबाला धरून उभी राहिलीस. मी विचारलं तर म्हणलीस, "काही नाही आपा, भूकंप आला." आपण हसलो होतो.

शब-ए-बरात आली. तू अम्मीच्या कबरीवर जाशील. जाण्याआधी एक कर. डावा हात उताणा ठेव, अंगठ्याच्या बुडाशी दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेव, दाबू नकोस, आणि गप्प बस. सारखं लागलं तरी एकदा इसीजी काढून घे. कधी धावतंय, कधी थांबतंय असं लागलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस. हुमेराला घेऊन लातूरच्या दवाखान्यात जा, ती तिथलीच आहे.

माझ्यावर रागाव. मंगनीचं बोलू नकोस, नंबर बंदच ठेव, मी मेल्यावर मातीला येऊ नकोस. पण नाडी बघ.

तुझी आपा


सास्तूर
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

आपा,

वालेकुम अस्सलाम. तुझी पत्रं सगळी पोचली. हुमेरा सुट्टीला घरी आली की मोठ्यानं वाचायची आणि मी भांडी घासत बसायचे, ऐकत नाही असं दाखवून. पहिल्या पत्रात तू येऊ नकोस लिहिलंस, मग मी आले नाही. तू म्हणशील, तेवढं बरं ऐकलंस.

कपडे तसे पाठवायला नको होते. पण मंगनीबद्दल मला पण बोलायचं आहे, आणि ते मी तोंडावर बोलेन.

कबरस्तानातनं आल्यावर नाडी बघितली. मला सापडेना. वाटलं, बोटं चुकीच्या जागी ठेवली. हुमेरा शब-ए-बरातला घरी आलेली, तिच्या हातात हात दिला. तिनं घड्याळाकडं बघत धरला. मग घड्याळाकडं बघायचं सोडलं. मी म्हणलं, काय गं? ती म्हणली, अम्मी, दुसरा हात दे. दुसरा पण धरला. मग तिनं ओढणी घेतली आणि म्हणली, चप्पल घाल. त्याच दिवशी लातूरला नेलं.

तुझ्यासारखीच रेघ आहे. कागद हुमेराकडं आहे, मी बघितला नाही.

तू विचारलं होतंस, अम्मीला कसं व्हायचं. मला व्हायचं तसंच व्हायचं, आपा. ती कशी गेली ते बघितलं होतं, म्हणूनच मी तुला माझं कधी खरं सांगितलं नाही.

तुझा नंबर सुरू केलाय. काल फोन लावला, घंटी गेली आणि मीच ठेवून दिला.

मला लई भ्या वाटायलंय. येऊ का?

झरीन